स्पॅनिश व्यंजने आणि आपली मराठी जीभ

परकी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती व्याकरणाची नव्हे, उच्चारांची. शब्द पाठ करता येतात, क्रियापदांची रूपे घोकता येतात. पण जिभेला लहानपणापासून लागलेले वळण सहजी बदलत नाही. प्रस्तुत लेखात स्पॅनिश भाषेतील काही निवडक व्यंजनांचा विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ही व्यंजने आपण इंग्रजीच्या वाटेने न शिकता मराठीच्या वाटेने शिकावीत.

स्पॅनिशच का, असे कोणी विचारील. जगातील वीसएक देशांत ही भाषा चालते आणि आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याशी तिचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. मोटारीच्या सांगाड्याचे धातूचे भाग बनविणाऱ्या ‘गेस्टँप’ या स्पेनमधील कंपनीचा चाकण परिसरात कारखाना आहे. चाकणजवळ २००९ साली सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून पुढे मेक्सिकोला गाड्या गेल्या, आणि मेक्सिकोची भाषा स्पॅनिश. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागात ती शिकविली जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरची माणसे याच पट्ट्यात कामाला आहेत. म्हणून उदाहरणेही शक्य तेथे कामाच्या जागेवरचीच घेतली आहेत.

(१) त आणि द

स्पॅनिश रोमन लिपीत लिहिली जाते आणि रोमन लिपी आपण इंग्रजीबरोबर शिकलो. त्यामुळे ‘टी’ दिसला की ‘ट’ आणि ‘डी’ दिसला की ‘ड’ असे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते. इंग्रजीत हे वर्ण उच्चारताना जीभ वरच्या दातांमागील हिरडीला लागते. आपल्या कानाला तो आवाज ‘ट’च्या जवळचा वाटला, म्हणून आपण टेबल, डॉक्टर असे म्हणू लागलो. स्पॅनिशमध्ये मात्र जिभेचे टोक दातांनाच टेकते. म्हणजे तो सरळ आपला ‘त’ आणि ‘द’ होय. टोमॅटोला स्पॅनिश माणूस ‘तोमाते’ म्हणतो आणि ‘सर्व’ या अर्थी ‘तोदो’ म्हणतो.

शिवाय इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचे प, त, क उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. स्पॅनिशमध्ये निघत नाही. इंग्रज विद्यार्थ्याला हा झोत आवरण्याचा मुद्दाम सराव करावा लागतो. आपण ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतील भेद बोबड्या वयातच शिकलेलो असतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. दोन स्वरांमध्ये आलेले ब, द, ग हे स्पॅनिशमध्ये सैल होतात. जीभ वा ओठ पुरते मिटत नाहीत. आपला ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचे स्पॅनिश भावंड ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. त्यातील ‘ग’ असाच सैल आहे. ‘बी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे लिहिताना दोन असली तरी त्यांचा आवाज एकच असतो.

(२) च

मराठीत ‘च’ हे अक्षर एक आणि उच्चार दोन. ‘चार’ मधला तालव्य, ‘चाक’ मधला दंततालव्य. याचे उत्तम उदाहरण आपल्या गावाच्या नावातच आहे. ‘चिंचवड’ मधला पहिला ‘च’ तालव्य आणि दुसरा दंततालव्य. परप्रांतातून आलेले बांधव दोन्ही ‘च’ सारखेच उच्चारतात, कारण हिंदीत हा भेद नाही. स्पॅनिशमध्येही नाही, तेथे फक्त पहिला, तालव्य ‘च’ आहे. ‘कोचे’ (मोटार) किंवा ‘नोचे’ (रात्र) म्हणताना आपली गफलत होत नाही, कारण इ-एपूर्वी आपणही बहुधा तालव्यच उच्चारतो. पण ‘मुचाचो’ (मुलगा) या शब्दात पुढे आ आणि ओ आले की, आपली जीभ ‘चाका’कडे घसरू पाहते. तिला ‘चार’वर आणावे.

(३) दोन प्रकारचे र

स्पॅनिशमध्ये एक ‘र’ हलका असतो, जिभेच्या एका टिचकीचा. दुसरा लांब, जीभ थरथरविणारा. हा भेद चुकला तर अर्थच बदलतो. ‘कारो’ म्हणजे महाग आणि ‘कार्रो’ म्हणजे मेक्सिकोत मोटार. ‘पेरो’ म्हणजे परंतु आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. शब्दाच्या आरंभीचा ‘र’ नेहमी लांबच असतो. ‘रुएदा’ (चाक) हा शब्द ‘र्रुएदा’ असा ऐकू येतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा ‘र’ फार छळतो. आपल्याकडे मात्र चिमणी ‘भुर्र’ उडते, कापड ‘टर्र’ फाटते, आणि खेड-जुन्नरच्या घाटांत बैलगाडा सुटला की ‘भिर्र’ची आरोळी उठते. ती आरोळी ज्याने एकदा दिली, त्याला स्पॅनिशचा लांब ‘र’ शिकविण्याची गरज नाही.

(४) ञ

बालवाडीच्या तक्त्यावर ज्याचे काय करावे हे कोणालाच कळत नाही, ते ‘ञ’ हे अक्षर स्पॅनिशमध्ये फार कामाचे आहे. ‘उना’ म्हणजे एक, ‘उञा’ म्हणजे नख. ‘काम्पाना’ म्हणजे घंटा, ‘काम्पाञा’ म्हणजे मोहीम. ‘पंचायत’ हा शब्द सावकाश उच्चारावा. ‘च’च्या आधी जो अनुनासिक आवाज येतो, तोच हा ‘ञ’. स्पॅनिश लोक तो ‘एन’वर नागमोडी रेघ देऊन लिहितात. पूर्वी दोन ‘एन’ लागोपाठ आले की, लेखनिक जागा वाचविण्यासाठी दुसरा पहिल्याच्या डोक्यावर लहान करून लिहीत. त्याचीच पुढे रेघ झाली. आपण अनुस्वाराचा टिंब डोक्यावर देतो, त्याची येथे आठवण होते.

(५) जे नव्याने शिकावे लागते

सर्वच आवाज आपल्याकडे तयार आहेत असे नाही. ‘जे’ हे अक्षर, तसेच इ-एपूर्वीचा ‘जी’, यांचा उच्चार ‘ज’ होत नाही. घशाजवळ घर्षण करून ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला आवाज काढावा लागतो. काम म्हणजे ‘त्राबाखो’, साहेब म्हणजे ‘खेफे’. ‘गेस्टँप’ हे नावही स्पेनमध्ये ‘खेस्ताम्प’ असे उच्चारले जाते. उलट ‘एच’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहीत. नमस्काराचा शब्द ‘ओला’ आहे, ‘होला’ नव्हे.

दोन ‘एल’ लागोपाठ आले की, बहुतेक ठिकाणी ‘य’सारखा उच्चार होतो. ‘तोर्नियो’ म्हणजे स्क्रू. ‘यावे’ म्हणजे किल्ली आणि पानाही. हा ‘यावे’ आणि पोर्तुगीजांकडून आलेली आपली ‘चावी’ या एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी आहेत. ब्वेनोस आयरेसमध्ये मात्र याच किल्लीला ‘शावे’ म्हणतात.

(६) शुद्ध कोण?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पेनच्या मोठ्या भागात ‘झेड’ आणि इ-एपूर्वीचा ‘सी’ यांचा उच्चार जिभेचे टोक दातांमध्ये धरून, हवा बाहेर सोडून करतात. आपल्या ‘थ’सारखा तो अडत नाही. पण दक्षिण स्पेनचा बराचसा भाग आणि संपूर्ण लॅटिन अमेरिका तेथे सरळ ‘स’ म्हणते. त्यामुळे ‘कासा’ म्हणजे घर आणि शिकार या अर्थाचा शब्द यांचा आवाज तेथे एकच होतो. या पद्धतीला ‘सेसेओ’ म्हणतात. आज बहुसंख्य स्पॅनिश भाषक असेच बोलतात. प्राध्यापक, वृत्तनिवेदक, राष्ट्राध्यक्ष, सारेच. १७१३ साली स्थापन झालेली माद्रिदची अकादमीही हा उच्चार अशुद्ध मानीत नाही. लेखनात मात्र दोन्ही शब्द सर्वत्र वेगळेच लिहिले जातात.

हे वाचताना मला आमच्या घरची भाषा आठवली. माझी आजी ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘लोणी’ला ‘लोनी’ म्हणते. तिच्या बोलीत ण आणि न एक झाले आहेत, जसे लॅटिन अमेरिकेत दोन आवाज एक झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही घटना एकाच जातीच्या. तरी एकीला ‘सेसेओ’ असे नाव मिळते आणि दुसरीला ‘गावंढळ’ असे विशेषण. हा फरक आवाजातला नाही. तो बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेतला आहे.

याचा अर्थ ‘ण’ शिकू नये असा नाही. लिहिताना ‘पाणी’च लिहावे, आणि व्यासपीठावर उभे राहिल्यावर ‘ण’ यावा, हे मलाही मान्य आहे. परंतु नवा आवाज शिकणे म्हणजे जुना टाकून देणे नव्हे. स्पॅनिशचा ‘ञ’ शिकल्याने मराठीचा ‘न’ जात नाही; तसाच ‘ण’ शिकल्याने आजीचा ‘पानी’ खोटा ठरत नाही.

म्हणून परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक सूचना करावीशी वाटते. कोणताही नवा उच्चार समोर आला की, तो इंग्रजीत कसा आहे हे विचारण्याआधी घरी, शिवारात, बाजारात, कारखान्याच्या फाटकावर तो कोठे ऐकला आहे का, हे आठवून पाहावे. पुष्कळदा तो तेथेच सापडेल. न सापडला तरच नव्याने शिकावा.