वाय-फायवर कोण आहे, हे कळायला किती खर्च येतो?

वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसात वाय-फायचा पासवर्ड बहुधा एकच असतो आणि तो नोकरी सोडून गेलेल्यांनाही पाठ असतो. मग एखाद्या दिवशी नेट रडायला लागतं आणि कोणीतरी राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडतं. त्यात ‘डेस्कटॉप’पुढे सात अक्षरांची खिचडी, दोन ‘गॅलेक्सी’, एक नुसतं ‘अँड्रॉइड’ आणि दोन ओळींत नावाची जागा कोरी. यातून माणूस ओळखून दाखवा!

ही नावं उपकरणांनी स्वतःच सांगितलेली असतात, राउटर त्यांची खातरजमा करत नाही. मी माझ्या लॅपटॉपला ‘अकाउंट्स-पीसी’ म्हटलं, तर यादीत तेच दिसणार. त्यामुळे नावावरून आत सोडणारी व्यवस्था कोणी विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

प्रत्येक उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस टाइप करून यादी बनवून देण्याचेही पैसे घेतले जातात. अँड्रॉइड 10 (2019) आणि आयओएस 14 (2020) पासून फोन मुळातच खरा अ‍ॅड्रेस लपवून बनावट सांगतात. ओळखायची खूण सोपी आहे. अ‍ॅड्रेसमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो फोननं तयार केलेला समजा. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी अशी यादी ठीक आहे, माणसांसाठी तिच्यावर खर्च करू नये.

आयपीवरून नाव शोधून परवानगी देणंही कच्चंच. ते नाव आयपीच्या मालकानं नोंदवलेलं असतं आणि तो हवं ते नोंदवू शकतो. नावावरून पुन्हा आयपी काढून दोन्ही जुळले, तरच काही अर्थ. शिवाय ही नावं शोधून देणाऱ्या डीएनएसनं उत्तर दिलं नाही, तर लिनक्स एका प्रयत्नाला साधारणपणे पाच सेकंद थांबतं. ऑफिसातलं मायएसक्यूएलवर चालणारं सॉफ्टवेअर उघडायला रोज वेळ घेत असेल, तर नवा सर्व्हर घेण्याआधी ‘स्किप नेम रिझॉल्व्ह’ ही सेटिंग लावून पाहा. खर्च शून्य. मात्र नावावर दिलेल्या परवानग्या आधी आयपीवर आणून घ्या.

पैसे घालायचेच तर माणसागणिक वेगळं नाव आणि पासवर्ड देणाऱ्या व्यवस्थेत घालावेत. म्हणजे वाय-फायला डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ आणि मागे ती नावं-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर. आधी राउटरच्या सिक्युरिटी मेनूत ‘एंटरप्राइझ’ हा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट बदलण्याचा खर्च सगळ्यात आधी धरावा लागेल. रेडियस सर्व्हरचं ‘फ्रीरेडियस’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या पीसीवरही चालतं. दहा वॉटचं छोटं मशीन वर्षभर चालू ठेवलं, तर सुमारे 88 युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट धरलं तरी नऊशे रुपयांच्या आतच.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये रेडियसचं काम करणारा ‘युझर मॅनेजर’ वेगळे पैसे न देता मिळतो. फक्त लायसन्सची पातळी तपासा. चौथ्या पातळीला एका वेळी 20 सेशन, पाचव्या पातळीला 50. पंचवीस माणसांचे फोन आणि लॅपटॉप धरले की पन्नासचा आकडा तिथेच भरतो, पाहुण्यांना जागाच उरत नाही. विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो. विंडोज सर्व्हरमध्येही ही सोय आहे, पण माणशी किंवा उपकरणामागे ‘कॅल’ हे लायसन्स घ्यावं लागतं. ऑफिसात आधीपासून डोमेन असेल तरच तो विचार करावा.

खरा खर्च मजुरीचा. फोननं सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं पाहिजे, नाहीतर शेजारी त्याच नावाचं खोटं वाय-फाय लावून कोणीही पासवर्ड उचलेल. नव्या अँड्रॉइड फोनांत ‘तपासू नका’ हा पर्यायच काढून टाकलाय, ते बरंच झालं. सर्टिफिकेट स्वतः तयार करायला पैसे लागत नाहीत, पण ते प्रत्येक फोनवर बसवावं लागतं. एकाला दहा मिनिटं धरली तरी 50 उपकरणांना आठ तासांहून जास्त. पुढे दर नव्या माणसाला आणि दर नव्या फोनला तेच. म्हणून मजुरी उपकरणामागे ठरवू नका, दिवसावर ठरवा. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजारांचे 11,800 होतात.

लॉगसाठी वेगळं ‘स्टोरेज’ विकत घेऊ नका. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत, आणि एवढ्या ऑफिसच्या लॉगिनच्या नोंदी एका पेन ड्राइव्हवर मावतात. घड्याळं जुळलेली हवीत, हे मात्र बघा. राउटरची वेळ वीस मिनिटं मागे असेल, तर नोंदीतून भलताच माणूस अडकायचा.

कोटेशनवर सही करण्याआधी अ‍ॅडमिन पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप मिळेल आणि नाव काढून टाकायची रीत तुमच्या माणसाला दाखवून दिली जाईल, हे लिहून घ्या. सोडून जाणाऱ्याचं नाव त्याच दिवशी निघायला हवं, आणि त्यासाठी दर वेळी व्हिजिट चार्ज मोजायचा नसेल, तर हे काम ऑफिसातल्याच कोणाला तरी यायला हवं.