वर्ध्याहून सॅन डिएगोला येताना

आई-बाबांना मे महिन्यात बोलवू नका. सॅन डिएगोत वर्षानुवर्षं राहिलेल्या ज्या ज्या वैदर्भीय घरी विचारलं, तिथे आधी हेच ऐकायला मिळालं. नवतपा चुकावा म्हणून आपण मेचं तिकीट काढतो. बॅगेत सुती साड्या, बाबांचे पातळ सदरे. इथे उतरावं तर आभाळ राखाडी आणि दुपारपर्यंत सूर्याचा पत्ता नाही. थंड पॅसिफिकवरून येणारे ढग मे-जूनमध्ये किनाऱ्यावर ठाण मांडून बसतात. इथले लोक त्यांना 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. आर्वीच्या एका काकूंनी पहिले तीन आठवडे सुनेचा स्वेटर अंगावरून उतरवलाच नाही.

ढग सरले की मात्र हे शहर जीव लावतं. वर्ध्यात उन्हाळ्याचं ऊन म्हणजे टाळायची गोष्ट. अकराच्या आत बाजार उरकायचा, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं, बाहेर पडलंच तर दुपट्टा बांधायचा आणि खिशात कांदा ठेवायचा. इथे भर दुपारी लोक उन्हात जेवायला बसतात. जानेवारीतही दिवसा १८-१९ अंश तापमान असतं. पाऊस वर्षाकाठी सुमारे २५० मिलिमीटर, म्हणजे वर्ध्याच्या पावसाचा साधारण चौथा हिस्सा. लेकरं बारा महिने मैदानावर असतात, आणि परत न जाण्याचं कारण म्हणून बहुतेक घरांनी हेच सांगितलं. वारा गार असल्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, कातडी मात्र भाजते. टोपी विसरू नका.

घरभाडं या उन्हामुळेही चढलेलं आहे. म्हणून आपली बरीच मंडळी किनारा सोडून मिरा मेसा, रँचो बर्नार्डो, पोवे अशा आतल्या भागात राहतात. मिरा मेसात भारतीय किराणाही मिळतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर २३-२४ अंश असताना आत ३५ असू शकतात. किनाऱ्याजवळच्या जुन्या घरांत बहुधा एसी नसतो. घर बघायला जाल तेव्हा त्याची चौकशी करा. गॅलरीत वाळवण घालायला मनाई आहे का, हेही भाडेकरारात वाचून घ्या. परवानगी असेल तर कुरड्या सप्टेंबर-ऑक्टोबरात घाला. मे-जूनच्या दमट हवेत त्या नीट वाळत नाहीत.

आता समुद्राविषयी, आणि हे जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. आपल्यातले अनेक जण विहिरीत किंवा पवनारजवळ धाम नदीत पोहायला शिकले. 'मला पोहता येतं' हा भरवसा इथे कामाचा नाही. पाणी भर ऑगस्टमध्येही २०-२१ अंशांच्या आसपास, हिवाळ्यात १४-१५. किनाऱ्यावरून परतणाऱ्या पाण्याची ओढ माणसाला आत नेते. तेव्हा किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा आणि मग परत या. जीवरक्षकाची चौकी असेल तिथेच उतरा. ला होया शोअर्सच्या उथळ वाळूत नांगीवाले स्टिंगरे मासे दडलेले असतात. पाऊल उचलून टाकू नका, वाळूतून घासत न्या, म्हणजे मासा आधीच सरकतो. नांगी लागलीच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवतात. त्याची सोय चौकीवर असते. पहिल्या दिवशी मुलांना पाय घासत चालण्याचा खेळच शिकवा.

खाण्याचं थोडक्यात. गोरसपाक, मसाले, जे काही बॅगेत असेल ते विमानतळावर जाहीर करा. कढीपत्त्याची ताजी पानं किंवा रोप मात्र अजिबात आणू नका. त्यावरच्या किडीमुळे लिंबू-संत्र्याच्या बागांना रोग लागतो, म्हणून बंदी आहे. संत्र्याच्या मुलखातून आलेल्या आपल्याला हे कुणी वेगळं समजवायला नको.

शरद ऋतूत वाळवंटाकडून कोरडा 'सांता आना' वारा सुटतो आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. २००७च्या ऑक्टोबरात या जिल्ह्यातल्या लाखो लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं. तेव्हा इथे असलेली कुटुंबं आजही पासपोर्ट, औषधं आणि घरचे जुने फोटो एकाच पिशवीत, दाराजवळ ठेवतात. तुम्हीही तशी पिशवी भरा. आल्यावर पहिल्याच आठवड्यात 'अलर्ट सॅन डिएगो' या जिल्ह्याच्या इशारासेवेत फोन नंबर नोंदवा. आणि आई-बाबांचं तिकीट सप्टेंबरचं काढा.