पिकअपला इलेक्ट्रिक फॅन बसवताय? आधी हे वाचा
काही सभासदांनी विचारलंय, पट्ट्यावरचा फॅन काढून इलेक्ट्रिक बसवला तर डिझेल वाचेल का? थोडंफार वाचतं, कारण तो गरजेपुरताच फिरतो. पण जुन्या फॅनला व्हिस्कस क्लच असेल तर इंजिन थंड असताना तो तसाही ढिला फिरतो. मग फायदा अगदी कमी.

*बसवायचाच असेल तर:*
१) फॅन रेडिएटरच्या मागे, हवा इंजिनकडे ओढणारा हवा. वायर उलटी लागली की उलटा फिरतो. समोरून जाळीला कागद लावा, चिकटला पाहिजे.
२) रेडिएटरमागचं गोल आवरण नव्या फॅनच्या मापाचं करून घ्या.
३) १२ व्होल्टवर २४० वॅटचा फॅन २० अँपिअर ओढतो. रिले आणि फ्यूज पाहिजेच. अल्टरनेटरला झेपेल का, तेही बघा.
४) फॅन तापमानाच्या स्विचवर चालवा. हाताचं बटण गडबडीत विसरतं.
५) पट्टा काढून टाकू नका! बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्यावरच चालतो.

*सगळ्यात महत्त्वाचं:* भरलेली गाडी घाटात हळू चढते, तेव्हा समोरून वारा नसतो आणि इंजिन सर्वात जास्त तापतं. तिथं फॅन कमी पडला तर हेड गॅस्केट जातं, माल रस्त्यात अडकतो. रोजचा रस्ता घाटाचा असेल तर मूळ फॅनच ठेवा.

गाडी आत्ताच तापते? आधी रेडिएटरमधला भुसा-धूळ साफ करा, कूलंट बघा. गरम असताना झाकण उघडू नका.

– तुमचा कृषी सल्लागार