स्तनदाह झाला तरी स्तनपान थांबवू नये

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काही मातांना स्तनदाह होतो. दूध साचून राहिल्याने किंवा स्तनाग्राच्या चिरेतून जंतूंचा शिरकाव झाल्याने स्तनाचा एखादा भाग लाल, कठीण व दुखरा होतो. थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी दूध ‘नासले’ असे समजून बाळाला पाजणे बंद केले जाते. हा समज चुकीचा आहे. या दुधाने निरोगी बाळास अपाय होत नाही; उलट पाजणे एकाएकी थांबविल्यास गळू होण्याचा धोका वाढतो.

मातेने दोन्ही बाजूंनी नेहमीप्रमाणे पाजावे. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जाईल, अशा रीतीने त्याला धरावे. पाजल्यानंतर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. गाठ जोराने चोळू नये. वेदना असह्य झाल्यास बाळाला लागेल तेवढे दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजावे.

२४ तासांत उतार न पडल्यास, अथवा ताप वाढल्यास, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. स्तनपानाच्या काळात चालतील अशी प्रतिजैविके डॉक्टर देतात. ती सांगितलेले सर्व दिवस घ्यावीत. बरे वाटताच औषध सोडल्यास दुखणे उलटू शकते. गळू झाल्यास पू काढावा लागतो. तरीही बहुधा स्तनपान चालू ठेवता येते. या दिवसांत मातेला विश्रांती मिळावी, ही जबाबदारी मात्र घरातील सर्वांची आहे.