घटक ६ : पेनड्राइव्हवरून चालणारी कार्यप्रणाली

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• संगणक सुरू होतानाची प्रक्रिया स्पष्ट करता येईल.
• 'लाइव्ह' कार्यप्रणालीचे स्वरूप सांगता येईल.
• अशी कार्यप्रणाली पेनड्राइव्हवर तयार करण्याचे टप्पे व त्यांतील धोके विशद करता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांजवळ स्वतःचा संगणक नसतो. स्वाध्याय लिहिण्यासाठी कधी कार्यालयातील, कधी नातेवाइकांकडील संगणक वापरावा लागतो. तेथे मराठी कळफलक नसतो, आणि दुसऱ्याच्या संगणकात बदल करणे प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी संपूर्ण कार्यप्रणालीच खिशात बाळगता आली तर? हे शक्य आहे. मात्र त्यामागचे तत्त्व न समजता हा प्रयोग केल्यास लिहिलेला मजकूर गमावण्याची, किंवा दुसऱ्याची माहिती पुसली जाण्याची आपत्ती ओढवू शकते. म्हणून प्रथम तत्त्व आणि मग कृती, असा क्रम आपण ठेवू.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संगणक कसा जागा होतो?

वीज सुरू होताच संगणकाच्या मुख्य फलकावरील चिपमधील एक छोटा प्रोग्राम कामाला लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. कार्यप्रणाली शोधून तिच्या हाती कारभार सोपवणे हे त्याचे काम. जुन्या संगणकांतील 'बायोस' हे फर्मवेअर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये प्रारंभिक सूचना शोधते. नव्या संगणकांतील 'यूईएफआय' हे फर्मवेअर पेनड्राइव्हवरील फॅट पद्धतीच्या विभागात, ठरावीक फोल्डरमध्ये, ठरावीक नावाची फाइल शोधते. शोध फसला तर पेनड्राइव्ह ओलांडून पुढील डिस्क पाहिली जाते. कार्यप्रणालीची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर संगणक तिच्यावरून का सुरू होत नाही, याचे उत्तर येथे मिळते : फाइल तेथे असते, पण फर्मवेअरला हवे ते हव्या त्या जागी नसते.

६.२.२ 'लाइव्ह' प्रणालीचे स्वरूप

डिस्कवर स्थापना न करता चालणाऱ्या कार्यप्रणालीला 'लाइव्ह' प्रणाली म्हणतात. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'क्नॉपिक्स'मुळे ही कल्पना लोकप्रिय झाली. ती सीडीवरून चालत असे व 'डेबियन' या मुक्त कार्यप्रणालीवर आधारलेली होती. आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे.

लाइव्ह प्रणालीच्या मूळ फाइल्स संकुचित व केवळ वाचता येण्याजोग्या असतात. आपण केलेले बदल रॅममधील वेगळ्या थरावर नोंदले जातात. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर लिहावे, तसा हा प्रकार आहे. वाचताना दोन्ही एकत्र दिसतात. संगणक बंद होताच वरचा कागद नाहीसा होतो आणि पान कोरेच राहते.

६.२.३ तयार करण्याचे टप्पे

उदाहरणादाखल डेबियनची लाइव्ह आवृत्ती घेऊ.

१. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्यावी व तेथे दिलेल्या तपासणी-संख्येशी ती ताडून पाहावी. संख्या जुळली नाही, तर फाइल अपुरी किंवा बदललेली आहे असे समजावे.
२. पेनड्राइव्हवरील सर्व माहिती अन्यत्र सुरक्षित ठेवावी. पुढील टप्प्यात ती पुसली जाते.
३. 'रूफस' किंवा 'बलेना एचर' यांसारख्या साधनाने आयएसओ पेनड्राइव्हवर लिहावी. कोणत्या डिस्कवर लिहायचे हे निवडताना तिची क्षमता दोनदा वाचावी. येथे चूक झाल्यास भलतीच डिस्क पुसली जाते.
४. संगणक पुन्हा सुरू करून बूट मेनू उघडावा. त्याची कळ निर्मात्यानुसार बदलते. बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते.
५. यादीतून पेनड्राइव्ह निवडून 'लाइव्ह' हा पर्याय घ्यावा. 'इन्स्टॉल' हा पर्याय टाळावा. तो संगणकातील डिस्कवर स्थापना करण्यासाठी असतो.

दुसऱ्याचा संगणक वापरताना मालकाची परवानगी आवश्यक आहे. विशेषतः 'सिक्युअर बूट'सारख्या सेटिंग्ज परस्पर बदलू नयेत. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास अशा बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते, आणि ती जवळ नसल्यास मालकाची माहिती अडकून पडते.

६.२.४ लेखन टिकवायचे कसे?

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, लिहिलेली फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर वेळोवेळी साठवणे. नवशिक्यांसाठी हा मार्ग उत्तम. दुसरा, त्याच पेनड्राइव्हवर 'पर्सिस्टन्स' नावाचा विभाग निर्माण करणे. त्यामुळे वरचा थर रॅमऐवजी पेनड्राइव्हवर राहतो, आणि आपला मजकूर व कळफलकाची मांडणी पुढच्या वेळी तशीच मिळते. मात्र पेनड्राइव्ह हरवला तर सारेच हरवते. म्हणून दुसरी प्रत हवीच.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) योग्य पर्याय निवडा : लाइव्ह प्रणालीतील बदल मूलतः (हार्ड डिस्कवर / रॅममध्ये) नोंदले जातात.
आ) चूक की बरोबर? आयएसओ फाइल कॉपी केली की पेनड्राइव्ह बूट होण्यास योग्य होतो.
इ) एका विद्यार्थिनीने लाइव्ह प्रणालीत स्वाध्याय लिहून डेस्कटॉपवर साठवला. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो दिसेना. कारण व उपाय सांगा.

६.३ सारांश

फर्मवेअर ठरावीक ठिकाणी प्रारंभिक सूचना शोधते, म्हणून आयएसओ योग्य साधनानेच लिहावी लागते. लाइव्ह प्रणाली संगणकाच्या डिस्कवर अवलंबून नसते. परंतु तिची स्मृती क्षणिक असते. डिस्कची अचूक निवड, मालकाची परवानगी आणि लेखनाची दुसरी प्रत, या तीन गोष्टी सांभाळल्यास ही प्रणाली भरवशाची सोबत ठरते.

६.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) रॅममध्ये. आ) चूक. इ) डेस्कटॉप हा रॅममधील थराचाच भाग असल्याने मजकूर नाहीसा झाला, वेगळ्या पेनड्राइव्हवर फाइल साठवणे किंवा पर्सिस्टन्स विभाग निर्माण करणे हे उपाय होत.