आशा स्वयंसेविका : मोबदल्याचे अर्थशास्त्र आणि आरोग्य विषमता

भारतातील आरोग्यविषयक निर्देशांक गेल्या दोन दशकांत लक्षणीयरीत्या सुधारले असले, तरी त्यांमागील विषमता कायम आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2023 मध्ये देशाचा अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे 25 होता. ग्रामीण भागात तो 28, तर शहरी भागात 18 होता. केरळमध्ये हा दर 5, तर मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व छत्तीसगढमध्ये 37 होता. ही दरी बुजविण्याच्या प्रयत्नांत आशा स्वयंसेविकेचे स्थान मध्यवर्ती आहे. म्हणूनच तिच्यावरील सार्वजनिक खर्चाची रचना अभ्यासणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

1977 मध्ये केंद्राने गावपातळीवरील आरोग्यरक्षकांची योजना सुरू केली होती. दरमहा अवघे 50 रुपये मानधन असलेली ही योजना पुढे क्षीण होत गेली. त्यानंतर दोन प्रयोगांनी नवी दिशा दिली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. छत्तीसगढमध्ये 2002 मध्ये ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू झाला. एप्रिल 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. आज देशात सुमारे 10 लाख आशा कार्यरत आहेत. 2005-06 मध्ये 38.7 टक्के असलेले संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2019-21 मध्ये 88.6 टक्क्यांवर पोहोचले. जननी सुरक्षा योजनेबरोबरच आशांचाही यात मोठा वाटा आहे.

मोबदल्यातील पेच

आशा ही ‘स्वयंसेविका’ मानली जात असल्याने तिला वेतन नव्हे, तर प्रामुख्याने कामानुसार मोबदला मिळतो. ग्रामीण भागात संस्थात्मक प्रसूतीमागे 600 रुपये आणि नवजात बालकाच्या गृहभेटींसाठी 250 रुपये असे जुने दर विचारात घेऊ. हजारी 20 जन्मदर व सर्व प्रसूती संस्थेत गृहीत धरल्यास, हजार वस्तीच्या गावातील आशेला या दोन कामांतून वर्षाला 17,000 रुपये मिळतील. 300 वस्तीच्या आदिवासी पाड्यातील आशेला मात्र केवळ 5,100 रुपये मिळतील. वस्त्या विखुरलेल्या असल्याने तिची पायपीट अधिक, पण उत्पन्न तिपटीहून कमी. म्हणजे जेथे गरज सर्वाधिक, तेथेच प्रोत्साहन सर्वांत दुबळे ठरते. शिवाय ज्या कामाचा दर ठरलेला नाही, ते मागे पडण्याचा धोका असतो.

याला उतारा म्हणजे मोबदल्यातील निश्चित भाग वाढविणे. नियमित कामांसाठीची मासिक रक्कम 2018 मध्ये 1,000 वरून 2,000 रुपये करण्यात आली. मार्च 2025 मध्ये ती 3,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात आशांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण देण्याची घोषणा झाली.

निधीची विभागणी

अभियानाचा खर्च केंद्र व राज्ये सर्वसाधारणपणे 60:40 या प्रमाणात करतात. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण 90:10 आहे. याखेरीज अनेक राज्ये स्वतःच्या तिजोरीतून पूरक मानधन देतात. परिणामी समान कामाचे मोल राज्यागणिक बदलते. ज्या राज्यांची गरज मोठी परंतु वित्तीय क्षमता मर्यादित, त्यांना हा भार पेलणे अवघड जाते. मानधनवाढीसाठी केरळमधील आशांनी फेब्रुवारी 2025 मध्ये आंदोलन सुरू केले. आरोग्यात अग्रेसर असलेले राज्यही या प्रश्नापासून मुक्त नाही, हे त्यातून दिसते.

समारोप

राष्ट्रीय आरोग्य धोरण, 2017 ने सार्वजनिक आरोग्य खर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्के करण्याचे आणि त्यातील दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेला देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. मात्र खर्चाच्या आकारमानाइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची आहे. दुर्गम व विरळ वस्तीच्या भागांसाठी अधिक निश्चित मानधन आणि त्यासाठी केंद्राचा वाढीव वाटा, या दोन बाबी साधल्या, तरच आशांवरील खर्च खऱ्या अर्थाने विषमता कमी करणारी गुंतवणूक ठरेल.