उरलेल्या आकड्याला हेराफेरी म्हणण्याआधी

बी.कॉम.चं चौथं वर्ष ‘संशोधनासह ऑनर्स’ म्हणून करायला निघालेल्यांना फायनान्शियल अकाउंटिंगमधला एक प्रश्न हमखास खुणावतो: कंपन्या नफा फुगवून दाखवतात का? प्रश्न मोलाचा आहे. प्रोवेससारख्या डेटाबेसमधून हजारो कंपन्यांचे आकडे मिळतात, मॉडेल तयार असतं, रिग्रेशन क्षणात होतं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की मॉडेल नेमकं काय मोजतं हे कळल्याशिवाय त्याच्या उत्तराला ‘हेराफेरी’ म्हणू नका.

अशा अभ्यासाचा पाया बहुधा जेनिफर जोन्स यांचा 1991चा शोधनिबंध असतो. आयातीपासून संरक्षण मागणाऱ्या अमेरिकी कंपन्या सरकारी चौकशीच्या काळात नफा मुद्दाम कमी दाखवतात का, हा त्यांचा प्रश्न. नफा आणि धंद्यातून हाती आलेली रोकड यांतली तफावत म्हणजे ढोबळमानाने अ‍ॅक्रुअल्स. विक्रीतली वाढ आणि स्थिर मालमत्ता यांवरून तिचा स्वाभाविक भाग काढायचा. उरेल तो व्यवस्थापनाच्या मर्जीचा मानायचा. जोन्स यांनी अभ्यासलेल्या कंपन्यांना नफा दडवण्याचं ठोस कारण होतं आणि त्यासाठी ठरावीक काळही होता. हे दोन्ही नसेल, तर उरलेला आकडा म्हणजे फक्त मॉडेलला न उलगडलेला भाग. त्यात लबाडी असेल, तशीच एखाद्या कंत्राटदाराची मार्चअखेर सरकारदरबारी अडकलेली बिलंही असतील.

उलट खरी लबाडी यातून निसटू शकते. सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009च्या पत्रात कबूल केलं, की पुस्तकातल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. फुगवलेली येणी त्यामानाने थोडी, 490 कोटींची. खोट्या नफ्याच्या जोडीला खोटी रोकडही दाखवली, की दोघांतली तफावत वाढतच नाही. घोटाळ्याचा मोठा भाग या मोजपट्टीला दिसत नाही. आणि जिथे काहीच घडलेलं नाही तिथे ती हलते. भाड्याच्या जागांत दुकानांची साखळी चालवणारी कंपनी घ्या. 1 एप्रिल 2019पासून भाडेकरारांसाठीचं इंड एएस 116 हे लेखामानक लागू झालं आणि दुकानभाड्याच्या जागी बहुतांशी घसारा आणि व्याज आलं. भाड्यातला मुद्दलाचा भाग रोख प्रवाह पत्रकात वित्तपुरवठ्याच्या विभागात गेला. धंदा तोच, भाडं तेच, पण धंद्यातली रोकड वाढलेली दिसते. दोन्हीकडची वर्षं सरसकट एकत्र करणारा विद्यार्थी हेराफेरी नव्हे, नियमातला बदल मोजत बसतो.

यावर म्हटलं जातं, की कंपन्या हजारो असल्या म्हणजे चुका एकमेकींना खोडतात. खोडतात, पण त्या सैरावैरा विखुरलेल्या असतील तरच. डीचाऊ, स्लोन आणि स्वीनी यांनी 1995मध्ये दाखवलं, की टोकाची आर्थिक कामगिरी असलेल्या कंपन्यांत ही मॉडेल्स हेराफेरी नसतानाही वाजवीपेक्षा जास्त वेळा तिचा कौल देतात. तुमचा अभ्यास बुडीत कंपन्यांवरच असेल, तर नमुना वाढवल्याने चूक अधिक ठाम होते, इतकंच.

वर्षभरात नवं मॉडेल कुठून आणायचं, ही अडचण खरी आहे. पण ते आणायला कोणी सांगतही नाही. आहे तेच वापरा. ज्यांचा उरलेला आकडा सर्वांत मोठा आहे अशा दहा-वीस कंपन्यांचे वार्षिक अहवाल मात्र उघडा, टिपा वाचा. अ‍ॅक्रुअल्स ताळेबंदातल्या फरकावरून न काढता रोख प्रवाह पत्रकावरून काढा, कारण दुसरी कंपनी विकत घेतली की तिची येणी आणि मालसाठा ताळेबंदात आयते येऊन बसतात. निकाल ‘सिग्निफिकंट’ आला नाही तर गाईड काय म्हणतील, ही धास्ती मी समजू शकतो. तरीही या तपासणीत काय सापडलं आणि त्यामुळे कुठल्या कंपन्या वगळल्या, हे निकालाच्या तक्त्याआधी सविस्तर लिहा.